डाव्या मांडीखालची पट्टी

परपुरुषाच्या कमरेला टेप लावणारी बाई अख्ख्या धुळ्यात नव्हती, आणि ती पहिली बाई व्हायची मला अजिबात हौस नव्हती. पण दुकान तर चालवायचं होतं. आग्रा रोडला आमचं ट्रकच्या सीटा बनवायचं दुकान. नवरा होता तोवर तोच ड्रायव्हरला बसवायचा, कंबर धरून मागे ढकलायचा, मांडीवर थाप मारून विचारायचा, "इथं दुखतं का रे? मग इथं?" मी आतल्या खोलीत रेक्झिन शिवायची. तो काविळीने गेला तेव्हा मी पस्तिशीला आले होते, पोरबाळ नव्हतं. देवपूरचे दीर म्हणाले, वहिनी, दुकान विकून टाका. मी म्हटलं, आणि मी काय करू, तुमच्याकडे येऊन भाकरी थापू? असं बोलायची काही गरज नव्हती. पण माझी जीभ पहिल्यापासून अशीच. दीर त्यानंतर वर्षभर फिरकले नाहीत.

पहिले काही महिने माझ्या सीटा भिकार झाल्या. नुसत्या नजरेने माप घ्यायचं म्हणजे काय होणार? ड्रायव्हर लोक तोंडावर बोलत नसत, बाईमाणूस म्हणून. गुपचूप पुढच्या दुकानात जायचे. मला त्याचाच जास्त राग यायचा. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग एक दिवस शेजारच्या गवळ्याने म्हशींसाठी आणलेलं सरकीचं पोतं माझ्या दाराशी उतरवून ठेवलं. एक ड्रायव्हर चहा येईपर्यंत त्याच्यावर टेकला. उठून गेला, तर पोत्यात त्याची बैठक जशीच्या तशी उमटलेली. सरकीच्या दाण्याला कापसाची लव चिकटलेली असते, त्यामुळे दाणे एकदा दबले की जागचे हलत नाहीत. उजवीकडे खोल खड्डा, डावीकडे नुसता दाबल्यासारखा. माय वं, म्हटलं, हा तर एका कुल्ल्यावर बसून कलकत्त्यापर्यंत जातो! खड्ड्यात काडी घालून खोली मोजली, सुतळीने रुंदी घेतली आणि तशी सीट केली. महिन्याभराने तो परत आला तो आणखी दोघांना घेऊन. "अक्का, मनी कंबर वाचाडी तुम्ही," म्हणाला.

तेव्हापासून दुकानात सैल बांधलेलं सरकीचं पोतं कायमचं आलं. ड्रायव्हर यायचा, त्याच्यावर बसायचा, हात स्टेअरिंगवर धरल्यासारखे पुढे करायचा, आणि मी पाठ फिरवून उभी राहायची. तो उठला की मी वळायची. कुणाला मूळव्याध आहे, कुणाचं पाकीट मागच्या खिशात असतं, कोण खिडकीत कोपर टाकून एका अंगाला लवतो, हे मला न सांगता कळायला लागलं. बाईला हे सांगणार कोण? पण पोतं सांगायचं. मी त्यावर त्यांना बोलायचीही. "पाकीट पुढच्या खिशात ठेव रे बाबा, नाहीतर पन्नाशीला काठी घेशील." ते लाजायचे.

आता लोकांना वाटतं, दुकानात दिवसभर माणसं, हिला कसला एकटेपणा. अहो, माणसं होती, पण मला ती माहीत होती ती उठून गेल्यावर. चेहरा धड बघितला नाही, अशा माणसांची बैठक मला तोंडपाठ होती. संध्याकाळी शटर ओढलं की मागच्या खोलीत जायचं, स्टोव्ह पेटवायचा, भाकरी हातावर घेऊन उभ्याउभ्या खायची. बसून काय करायचं, समोर कोण आहे? त्यातून आमच्या धंद्याची गंमत अशी की सीट चांगली झाली की माणूस पुन्हा पाच-सात वर्षं तोंड दाखवत नाही. जितकं काम चांगलं, तितकं दार रिकामं. हे मला तेव्हा गमतीचं वाटायचं नाही.

नव्वद साल उलटल्यावरच्या एका थंडीत तो आला. ताडमाड उंच, तिशीचा, जरासा डावीकडे लचकत चालणारा. जळगावचा होता. म्हणाला, "अक्का, एक सीट पाहिजे. मला ट्रकवाल्यांनी तुमचं नाव सांगितलं."

"कोणत्या गाडीची?"

"शर्यतीच्या."

"बैलांच्या?" मी विचारलं. आमच्याकडे शर्यत म्हटली की दुसरं काय आठवणार!

तो इतका मोकळा हसला की मलाही हसू आलं. मोटारींची शर्यत, म्हणाला. मद्रासच्या बाजूला त्यासाठी वेगळा रस्ता बांधलाय, गोल गोल फिरायचं, अर्धा तास. जळगावला एका म्हाताऱ्या मिस्त्रीबरोबर त्याने स्वतः गाडी बनवली होती. पाइप वाकवून सांगाडा, वर पत्रा, मागे जुन्या टॅक्सीचं इंजिन. एकच माणूस बसणार. गाडी पळत होती, पण तिच्यात त्याला बसता येत नव्हतं. लहानपणी जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढतात त्या गिरणीत, कापसाच्या गंजीवरून पडून त्याचा डावा खुबा मोडला होता आणि वाकडाच सांधला होता. दहा मिनिटं बसला की पायात कळ यायची.

"मग कशाला मरायला बसतोस?" मी म्हटलं.

त्याचं हसू गेलं. म्हणाला, वडिलांची जिनिंग आहे. ते म्हणतात, तीस वर्षांचा घोडा झालास, खेळणी पुरे. एकदा जाऊन ये. शर्यत पूर्ण करून आलास तर मी पुन्हा तोंडातून शब्द काढणार नाही, तुझं तू बघ. मधेच सोडून आलास तर दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात बसायचं, आणि गाडीचं नाव नाही काढायचं. "मला पहिला नंबर नकोय, अक्का," म्हणाला. "मला फक्त अर्धा तास बसता आलं पाहिजे."

एवढ्या मोठ्या माणसाने अशी साधी गोष्ट मागावी, याचं मला काहीतरीच वाटलं. मी म्हटलं, रविवारी येते.

धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत एसटी जळगावला पोचायला तीन तास घ्यायची. जिनिंगच्या आवारात मागच्या बाजूला पत्र्याची शेड होती, तिच्यात ती गाडी. मला तर अंघोळीचा हौदच वाटला. ते लोक बसायच्या त्या जागेला कॉकपिट म्हणायचे, मी शेवटपर्यंत हौदच म्हटलं. ट्रकमध्ये माणूस पाटावर बसल्यासारखा बसतो. इथे त्याला अर्धवट आडवं व्हायचं होतं, न्हाव्याच्या खुर्चीत दाढीला रेलतात तसं. पाय लांब पुढे अंधारात, गुडघ्यांच्या मधे स्टेअरिंग, दोन्ही खांद्यांना पाइप. वळणावर गाडी अशी हिसका देते की सीटने माणसाला दोन्ही कुशींतून धरून ठेवायला हवं. आणि धरायचं, पण दाबायचं नाही. म्हातारा मिस्त्री, त्याला सगळे नाना म्हणत, मला म्हणाला, "आते तुम्हीच देखा अक्का. मनी अक्कल संपनी."

मी सरकी मागवली. जिनिंगमध्ये तिचे डोंगर पडलेले! पातळ कापडाची पिशवी शिवून ती हौदात पसरली, आत सरकी भरली आणि त्याला म्हटलं, बस, बूट घालून बस, दोन्ही पाय पॅडलवर. मी पाठ फिरवायला गेले तर तो ओरडला, "अक्का, पाठ कशाला फिरवता? बघा ना मी कुठे अडकतोय!" बारा वर्षांत पहिल्यांदा मी माणूस बसलेला असताना माप घेतलं. कोपर पाइपला लागतंय, गुडघा स्टेअरिंगला घासतोय, मान पुढे ढकलली जातेय, सगळं तो सांगत होता आणि मी दोन्ही हातांनी सरकी इकडून तिकडे सारत होते. मग नानाने आणि दोन हमालांनी त्याला काखेत धरून सरळ वर उचललं, खड्डा न मोडता. त्या खड्ड्यात आम्ही गणपतीवाल्याकडून आणलेलं प्लास्टर ओतलं. वाळल्यावर उपडं केलं तर त्याच्या पाठीचा, मांड्यांचा, त्या वाकड्या खुब्याचा पांढरा पुतळा. तो स्वतःच बघत राहिला. "असा आहे होय मी," म्हणाला.

त्या पुतळ्यावरून नानाने फायबरचं कवच केलं आणि आतलं अस्तर माझ्याकडे. कुठे फोम किती, कुठे काथ्या, कुठे काहीच नको. रविवार मागून रविवार मी जायची. तो घड्याळ लावून गाडीत बसायचा, गाडी जागच्या जागी उभी, आणि बोलायचा. खूप बोलायचा. वळणाआधी गिअर कसा उतरवायचा, क्लच दाबताना डावा पाय किती हलका पाहिजे, कापसाचा सीझन त्याला किती कंटाळवाणा वाटतो, सगळं. मी पलीकडे पोत्यावर बसून ऐकायची, मधे मधे वाकडं बोलायची. तो चिडायचा नाही.

दुपारी त्याच्या घरून डबा यायचा. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात. नाना एक पोतं अंथरायचा, त्यावर तीन थाळ्या. तिसरी माझी. पहिल्या रविवारी मी म्हटलं, मी आणलीय भाकरी बांधून. तो म्हणाला, "ती बसमध्ये खा. आधी इथे बसा. तुम्ही बसल्याशिवाय आम्ही सुरू करत नाही." आणि खरंच नाही केलं सुरू. दोन पुरुष माणसं भाकरीला हात न लावता माझ्यासाठी थांबली होती.

मला ते फार आवडायला लागलं. सरळ सांगते, लपवायचं काय. यात वावगं काही नव्हतं, तो मला धाकट्या भावासारखा. पण शनिवारपासून मी पातळाला इस्त्री करायला लागले. धुळ्यात आठवडाभर जे घडायचं ते रविवारी सांगायसाठी मनात जपून ठेवायला लागले. कोणाचं तरी आपण येण्याकडे लक्ष आहे, बस उशिरा आली तर कोणी तरी फाटकात उभं असतं, हे मला ठाऊकच नव्हतं. लग्नाच्या नवऱ्याने कधी माझी वाट बघितली नव्हती. बिचारा वाईट नव्हता, पण मी होतेच ना घरात, वाट कशाची बघायची?

पाचव्या रविवारी तो चाळीस मिनिटं बसला. मधे एकदाही पाय चोळला नाही. घड्याळ वाजलं तसा दोन्ही हात वर करून ओरडला, "झालं अक्का! झालं! सगळं विसरायला होतं हो, आपण बसलोय हेच कळत नाही!" नानाने हमालांना भजी आणायला पिटाळलं. "बठ्ठं बराबर बसनं. आते काय ऱ्हायनं?" नाना म्हणाला. मी हसले खरी. काही राहिलं नव्हतं. अस्तर धुळ्याला न्यायचं, वर रेक्झिन चढवून शेवटची शिलाई मारायची, पुढच्या रविवारी बसवून द्यायचं. संपलं. त्याच्यानंतरच्या रविवारी मी काय करणार होते?

त्या आठवड्यात शिवताना माझ्या हातून जे झालं, ते चुकून झालं नाही. डाव्या मांडीखाली, गुडघ्याकडच्या काठाला, मी काथ्याची एक पट्टी आत सारली. करंगळीएवढी जाड. दहा-बारा वर्षं मी ड्रायव्हर लोकांना सांगत आले होते की मांडीखाली काठ टोचला की रग लागते, मग मुंग्या येतात, मग पाय आपला राहत नाही. मला पक्कं माहीत होतं काय होईल ते. वीस मिनिटांनी त्याला टोचेल. तो म्हणेल, अक्का, इथे जरा लागतंय. मी म्हणेन, बघते. तिथेच टाका उसवून पट्टी काढायची, पाच मिनिटांचं काम. पण मी म्हणणार होते, न्यावी लागेल धुळ्याला. आणखी एक रविवार, फार तर दोन. शर्यतीला अजून महिना होता. कोणाचं काय जात होतं? असं मी स्वतःला समजावलं, आणि टाका घातला.

सहाव्या रविवारी सीट बसवली. काळं रेक्झिन, लाल पायपिंग, देखणी दिसत होती मेली. तो बसला. मी त्याच्या डाव्या पायाकडे बघत उभी. दहा मिनिटं झाली असतील, तेवढ्यात त्याच्या वडिलांचं बोलावणं आलं, कोणी व्यापारी आले होते. तो उठला. "एकदम झकास, अक्का." मी म्हटलं, "पुढच्या रविवारी पूर्ण वेळ बसून बघायचं हं. तसं झाल्याशिवाय मी नाही पास करत." तो म्हणाला, हो हो. भरीत खाऊन मी मजेत परत आले. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली होती.

बुधवारी सकाळी जळगावकडून आलेला एक ट्रकवाला निरोप घेऊन थांबला. "अक्का, तुमच्या शर्यतवाल्या भाऊने सांगितलं, तारीख अलीकडे आली. आज दुपारी टेम्पोत गाडी चढवतोय. आशीर्वाद द्या म्हणाला."

दाभण, कात्री, दोरा पिशवीत टाकला आणि मिळेल त्या बसने निघाले. शटर अर्धंच ओढलं होतं, ते पारोळ्याला आठवलं. पाच मिनिटांचं काम आहे, पाच मिनिटांचं काम आहे, असं एरंडोलपर्यंत मी तोंडाने पुटपुटत होते, शेजारची बाई सरकून बसली.

पोचले तेव्हा टेम्पो आवारात उभा होता, गाडी वर चढवलेली, तिला झेंडूचा हार. सगळी घरची माणसं जमलेली. आणि नारळ त्याच्या वडिलांच्या हातात! ज्यांनी वर्षभर त्या शेडमध्ये पाऊल टाकलं नव्हतं, ते स्वतः नारळ फोडत होते. त्याची आत्या गाडीला ओवाळत होती, सीटवर हळदकुंकू वाहिलेलं दिसत होतं. मी गर्दीतून वाट काढत पुढे झाले. "भाऊ, पाच मिनिटं ती सीट खाली दे. एक टाका बघायचाय."

आत्या मधे आली. "आता कशाला? ओवाळून झालं. पूजेवर कात्री लावतात का कोणी?" आणि माझ्या कपाळाकडे बघितलं. मोकळंच होतं ते, बारा वर्षं. दोन बायका मागे सरकल्या.

माझं टाळकं सडकलं. बरं, म्हटलं मनात, बसा मग बोंबलत! मी वळले आणि फाटकाकडे चालायला लागले. आजही कोणी विचारलं तर मी त्या आत्यावर ढकलू शकते, पटेल लोकांना. पण तसं नाहीये. कारण तो धावत माझ्यामागे आला. लचकत लचकत, गुलाल लागलेल्या कपाळाने. फाटकाशी त्याने मला गाठलं.

"आत्याचं मनावर घेऊ नका, अक्का. जुनी माणसं. सीटमध्ये काही राहिलंय का? खरं सांगा. राहिलं असेल तर मी आत्ता उतरवतो, पूजा बिजा गेली चुलीत."

त्याने विचारलं होतं. इतकं स्पष्ट विचारलं होतं. मी फक्त म्हणायचं होतं, हो, डाव्या मांडीखाली एक पट्टी आहे. मग तो म्हणाला असता, ती कशी काय राहिली, परवापर्यंत तर नव्हती? आणि मला त्याच्या तोंडाकडे बघून सांगावं लागलं असतं की मीच घातली, तू मला पुन्हा बोलवावंस म्हणून. चाळिशी ओलांडलेली बाई, परक्याच्या थाळीसाठी हे करते. मेले असते तरी ते माझ्या तोंडून निघालं नसतं.

"काही नाही राहिलं," मी म्हटलं. "उगाच जिवाला चैन पडेना म्हणून आले. जा, वेळ होईल."

त्याने वाकून नमस्कार केला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, कात्रीची पिशवी दुसऱ्या हातात होती.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगत नाही. मी देवाला म्हटलं, त्याचा पाय टिकू दे, मी पुन्हा जळगावचं तोंड बघणार नाही. देवाशी असले सौदे करायची माझी पद्धत नाही, पण केला.

पंधरा दिवसांनी तो दुकानात आला. दारातून त्याची चाल बघितली आणि मला कळलं. पोत्यावर बसला, चहा घेतला, आणि शांतपणे सांगितलं. सुरुवात चांगली झाली होती. बारा गाड्यांमध्ये तो सातवा होता. शर्यत सुटायच्या आधी बराच वेळ गाडीत बसून राहावं लागलं, ऊनही होतं. शेवटचे चार फेरे राहिले तेव्हा डावा पाय बधिर झाला. क्लच दाबतोय की नाही हे कळेना. गिअर अडकायला लागले. एका वळणावर गाडी फिरली, सावरली, मग त्याने ती बाजूला घेऊन उभी केली. चार फेरे, म्हणजे पाच-सहा मिनिटं.

"सीटचा काही दोष नाही हं, अक्का," तो घाईघाईने म्हणाला. माझं तोंड बघून त्याला वाटलं असणार, मला वाईट वाटतंय. "इतकी छान सीट तिथे कोणाकडे नव्हती, सगळे बघून गेले. माझाच खुबा. तुम्ही सहा रविवार घातलेत माझ्यापायी, अजून काय करणार? आता कळलं मला, हे अंगच त्या कामाचं नाही. बरं झालं कळलं ते."

मी म्हटलं, "भाऊ, ती मांडीखालची..."

"काय?"

बाहेर कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. तो माझ्याकडे बघत होता, अगदी विश्वासाने. सांगायला मला एक श्वास पुरला असता.

"काही नाही," मी म्हटलं. "चहा घे अजून."

गाडी त्याने विकली. कोणी पुण्याचा माणूस इंजिन काढून घेऊन गेला, सांगाडा शेडमागे पडला. सीट कुठे गेली ते मी विचारलं नाही.

तो ऑफिसात बसायला लागला. जिनिंगचं ऑफिस म्हणजे एक लांब टेबल, भिंतीला दिनदर्शिका, खिडकीतून कापसाच्या गाड्यांची रांग. सकाळी आठ ते रात्री आठ. उन्हाळ्यात त्याचा निरोप आला, अक्का, खुर्चीवर एक गादी करून द्या, दिवसभर बसावं लागतं. मी नाही म्हणू शकले असते. पण गेले. रविवार नव्हता, मंगळवार होता. शेडला कुलूप होतं आणि नाना काम सोडून मुलाकडे पाचोऱ्याला गेला होता.

मी माप घेतलंच नाही. पोतं नाही, सरकी नाही, काही नाही. मला त्याचं अंग पाठ होतं. डावीकडे दोन बोटं जास्त, खुब्याखाली मोकळं, गुडघ्याकडचा काठ उतरता. गादी धुळ्याहून शिवूनच नेली होती. खुर्चीवर ठेवली, म्हटलं, बस.

तो बसला. वडील समोर पान लावत होते, तेही बघायला लागले. माणसं येत होती, वजनाच्या चिठ्ठ्या ठेवून जात होती. तो सह्या करत होता आणि मी बाकावर बसून त्याच्या डाव्या पायाकडे बघत होते. तासाभरात त्याने तो एकदाही हलवला नाही. वडील म्हणाले, "वा! पहिल्याच झटक्यात बसवलात की ताई. त्या गाडीला मात्र किती हेलपाटे मारलेत."

"गाडीचं वेगळं असतं, आबा," त्यानेच माझ्या वतीने उत्तर दिलं. मग माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरची खुशी होती, त्या पहिल्या दिवशी दुकानात हसला होता तेव्हासारखी मोकळी नव्हे, पण खुशी.

"अक्का," तो म्हणाला, "पाय अजिबात बधिर होत नाही हो. आता मी इथे कितीही वेळ बसू शकतो."